उशाकडचा सूर्य

कुठल्याही खोलीत शिरले की काका आधी विचारत, "पूर्व कुठली?" मग खुर्ची तिकडे वळवून बसत. उत्तरेत, अलीगंजच्या आमच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. असा एकच ध्यास घेतलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी बौद्ध, आमच्या घरातला पहिला बी.ए. ते मला "ग्रॅज्युएट" म्हणूनच हाक मारत. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, मेलेले उठणार. म्हणून पुरताना पाय पूर्वेला ठेवायचे, म्हणजे उठताच तोंड त्याच्याकडे. हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत समजावलं. मला पटत नाही, असं मी तोंडावर सांगितलं.

"नको पटू दे. पिठलं घे, तुझ्या काकूनं दिलंय."

काकू जानेवारीत गेल्या. धुकं इतकं, की शेजारची कबर दिसेना. पेटीला पुढचा खांदा माझा होता. अरुंद वाटेवर आम्ही दोनदा वळलो, आणि त्या एका दिवशी काकांनी दिशा विचारली नाही.

चार दिवसांनी ऊन पडलं. सकाळी फुलं घेऊन गेलो, तर सूर्य काकूंच्या उशाकडच्या क्रॉसमागून वर येत होता. म्हणजे पाय पश्चिमेला गेले होते. काका फुलं हातात धरून तसेच उभे राहिले.

पादरीसाहेबांनी कबर उघडू दिली नाही. प्रभूला दिशेची अडचण नसते, म्हणाले.

परत येताना स्कूटरवर मागून काका बोलले, "प्रभूला नाही रे, हिला आहे. उठेल आणि समोर कुणीच नाही. घाबरट आहे ती."

मग त्यांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला: मला माझ्या पत्नीसारखंच उलटं ठेवावं. खाली सही केली.

"मग तुम्हालाही प्रभू दिसणार नाही," मी म्हटलं.

"मला पूर्व माहीत आहे ना. तिला खांद्याला धरून वळवीन."

दोन वर्षांनी, एप्रिलात, त्यांची पेटी रीतीप्रमाणे पाय पूर्वेला करून दोरांवर लटकत होती आणि मी कबरीच्या तोंडाशी आडवा उभा होतो.

"आप तो ईसाई भी नहीं हैं," पादरीसाहेब म्हणाले.

"नहीं हूँ. कागज़ मैंने लिखा है, दस्तखत इनके हैं."

त्यांनी कागद वाचला. शेजारच्या क्रॉसकडे पाहिलं. पुन्हा वाचला. एक दोर हातभर सरकला, पेटी कलली, कुणी तरी "जल्दी, साहब" म्हणालं.

"घुमाओ," ते हळूच म्हणाले.

मेलेले उठतात, हे मला आजही पटत नाही. डोक्यावर लख्ख ऊन होतं. तरी मी कबर खोदणाऱ्याला विचारलं, पूरब किधर है? त्यानं हात केला. मी पुन्हा विचारलं.

त्या ओळीत दोनच क्रॉस उलट्या टोकाला आहेत, शेजारीशेजारी.