जर्दाळूचं झाड कोणत्या रंगाचं होतं

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कोणी काही लिहिलेलंही नाही. माझ्याहून कितीतरी जास्त सोसलेली माणसं मी दवाखान्याच्या बाकांवर पाहिली आहेत. लिहायचा हक्क त्यांचा होता. म्हणून आधीच माफी मागतो. टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या एखाद्याच्या हाती हे पडावं आणि त्याने माझ्यासारखं वागू नये, एवढ्यासाठीच लिहितो आहे.

यवतमाळला डोळ्यांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी माझ्यासमोर एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा एक गोल, आणि त्या ठिपक्यांत एक आकडा. पहिल्या पानावरचा बारा मी लगेच वाचला. मॅडमनी पान उलटलं.

"इथे कोणता आकडा आहे?"

मी बराच वेळ पाहिलं. "इथे आकडा आहे का, मॅडम?"

त्या एकेक पान उलटत गेल्या. पहिलं पान सोडलं तर मला एकही आकडा दिसला नाही. मग त्यांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

आई शेजारी बसली होती. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्या दिवशी मी तिच्याआधी बोललो. "टीबीची, मॅडम. पाचवा महिना."

मॅडमनी पुस्तक मिटलं. "ऑप्टिक न्यूरायटिस," असं त्या कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या. डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत नेणारी जी नस असते, तिला इजा होणं म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस. टीबीच्या गोळीत इथॅम्ब्युटॉल नावाचं एक औषध असतं. थोड्या लोकांना ते डोळ्यांना बाधतं. आधी रंग जातात, त्यातही लाल आणि हिरवा. नंतर नजर जाते. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून असं दिसतं?"

"दीड महिना झाला."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. तेच आता देतो.

आम्ही मुकुटबनजवळच्या एका गावचे. बाबा वणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. मी वणीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मी आणि माझा मित्र अक्षय, दोघांनी वनरक्षक भरतीची लेखी परीक्षा दिली होती आणि दोघांनाही मार्क बरे होते. पुढे मैदानी चाचणी होती, म्हणून रोज पहाटे धावायचो. मे महिन्यात माझ्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. दम लागायचा. मला वाटलं, धावण्यामुळे असेल. मग संध्याकाळी ताप यायला लागला.

एक्स-रेत उजवी बाजू खालून पांढरी आली. डॉक्टर म्हणाले, प्ल्युरल इफ्युजन. फुफ्फुसाभोवती पातळ आवरण असतं, त्यात पाणी साचलं होतं. पाठीतून सुई घालून ते काढलं. पिवळं पाणी, बाटलीभर. तपासणीत टीबी निघाला. डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं, "हा फुफ्फुसाच्या बाहेरचा टीबी आहे, खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. सहा महिने गोळ्या घ्या, पोरगा ठणठणीत होईल."

आईने ऐकलं. पण त्याच महिन्यात ताईसाठी पांढरकवड्याचं एक स्थळ आलं होतं. घरात टीबी आहे हे कळलं तर ते पाय मागे घेतील, असं आईला वाटलं. बाबांना नाही पटलं, पण ते बोलले नाहीत. ताईला कोणी विचारलंच नाही. ठरलं असं की मला बाभुळगावला मावशीकडे ठेवायचं, आणि गावात सांगायचं की पोरगा संजूदादाकडे हिमाचलात कामाला गेला.

संजूदादा मावशीचा मुलगा. तो तिकडे बोगद्याच्या कामावर पोकलेन चालवतो. मी बाभुळगावात त्याच्या खोलीत, त्याच्याच खाटेवर झोपत होतो. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या तिथल्या आशाताई गोळ्या आणून द्यायच्या. त्याही मावशीच्या सांगण्यावरून मागच्या दाराने यायच्या.

कॉलेजच्या ग्रुपवर अक्षयने विचारलं, "कुठी गायब झाला बे?" मी संजूदादाने पाठवलेला एक फोटो टाकला. बर्फाचे डोंगर, खाली नदी, पुढे देवदारांची रांग. खाली लिहिलं, "कामाला आलो इकडे." पंधरा-वीस जणांनी अंगठे दिले. आमच्या मराठीच्या प्राध्यापिकांनी लिहिलं, "तुझी नजर चांगली आहे रे."

खरं सांगतो, मला ते आवडलं. कुशीत दुखत होतं, गोळ्यांनी मळमळायचं, दिवसभर पत्र्याकडे पाहत पडून राहायचं. आणि तिकडे ग्रुपवर मी डोंगरांत फिरत होतो. मी संजूदादाला रोज फोटो मागायला लागलो. तो जेवणाच्या सुट्टीत काढायचा आणि पाठवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांत बुडालेले डोंगर, सप्टेंबरात पिवळी पडत चाललेली पॉपलरची झाडं. मी खाली थंडीबद्दल लिहायचो. अंगात स्वेटर नव्हता, पत्र्याखाली घाम गळत होता. अक्षय लिहायचा, "येता येता सफरचंदं आन बे, नाई तं गावात पाय ठेवू देनार नाई."

सप्टेंबरच्या मध्यावर फोनची अक्षरं पुसट झाली. मला वाटलं स्क्रीन खराब झाली. रिफाम्पिसिन नावाच्या गोळीमुळे लघवी केशरी होते, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती मला आता फिकी दिसायला लागली. वाटलं, शरीराला औषधाची सवय झाली असेल. आई आली तेव्हा तिचं कुंकू मला मातीच्या रंगाचं दिसलं. मी विचारलं, "कुंकू बदललं का?" ती म्हणाली, "नाई तं. काहून?" मी विषय बदलला.

आशाताईंनी त्या महिन्यात गोळ्यांचं कार्ड भरताना विचारलंही होतं, "डोयाले काही त्रास? धुकट-बिकट दिसते का?"

मी नाही म्हणालो. वनरक्षकाच्या वैद्यकीय तपासणीत रंग ओळखावे लागतात, हे मला माहीत होतं. कार्डावर डोळ्यांचं काही लिहिलं गेलं तर ते पुढे भरतीत निघेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कसं निघेल, कोण काढेल, याचा मी विचारही केला नाही. शिकलेला मुलगा म्हणून घरात माझं नाव, आणि ही माझी अक्कल.

नजर आणखी कमी झाल्यावर आईसोबत एका चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तपासलं आणि विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत का?" आई म्हणाली, "नाई जी, काहीच नाई." चार महिने प्रत्येकाला तेच सांगून तिला त्या उत्तराची सवय झाली होती. मी गप्प बसलो. त्याने चष्मा दिला. चष्म्यातून अक्षरं थोडी मोठी दिसली, पुसट होती ती पुसटच राहिली. महिना त्यात गेला.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संजूदादाने एका झाडाचा फोटो पाठवला. दगडी भिंतीजवळ एकटं झाड, मागे डोंगर. मला वाटलं, झाड वाळलं आहे. मी फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "इकडे आता सगळं मातकट झालं. पानगळीत डोंगरही उदास वाटतात."

ग्रुपवर हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. अक्षयने लिहिलं, "डोये फुटले काय बे तुये? एवढं लालभडक झाड हाये."

मी फोटो पुन्हा उघडला. एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. मातकटच होता. एडिटिंगच्या ॲपमध्ये जाऊन रंग शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा कुठे मला पानांत थोडी लाली दिसली. तोच फोटो पुन्हा टाकला आणि लिहिलं, "आधी मजाक केली." आता सगळ्यांना तो फोटो पेटल्यासारखा दिसत असणार. कोणीतरी लिहिलं, "पेंट मारला का राजेहो?"

हे दोन्ही फोटो मी चुकून स्टेटसलाही ठेवले. संजूदादाने पाहिले आणि फोन केला. पोकलेनचा आवाज मागे चालूच होता.

"सागऱ्या, ते जर्दाळूचं झाड तुले कोन्त्या रंगाचं दिसून राह्यलं? खरं सांग."

"मातीच्या."

तो आवाजापासून दूर गेला. त्यांच्या कंपनीत दर वर्षी ऑपरेटर लोकांचे डोळे ठिपक्यांच्या पुस्तकावर तपासतात, म्हणून त्याला हे माहीत होतं. "हे चष्म्याचं काम नोय. उद्या यवतमायले जाय. अन् गोया दाखव डॉक्टरले. माये फोटो टाकले त्याचं काई नाई, पन हे लपवू नोको बाप्पा."

दुसऱ्या दिवशी मी त्या मॅडमसमोर बसलो होतो.

इथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी बंद झालं. बाकीच्या गोळ्या टीबीच्या डॉक्टरांना विचारून चालू राहिल्या. मॅडमनी ओसीटी करवून घेतली. ती डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढण्याची तपासणी आहे, दुखत नाही. मी विचारलं, "रंग परत येतील का?"

"पहिल्या आठवड्यात आला असतास, तर बहुतेक हो म्हणाले असते," मॅडम म्हणाल्या. "आता थांबून पाहायचं. कोणाचे पूर्ण येतात, कोणाचे अर्धे. सहा महिने लागतील, जास्तही लागतील."

आई बाहेर बाकावर बसून म्हणाली, "मीच नाई म्हटलं त्या दुकानात." मी तिला बरं वाटेल असं काही बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. गप्प मीही होतोच.

डिसेंबरात गोळ्या संपल्या. अक्षरं परत आली, चष्मा सुटला. मी गावी आलो. पांढरकवड्याच्या लोकांनी दिवाळीनंतरच नकार कळवला होता. मुलगी उंचीला कमी पडते म्हणाले. ज्या स्थळासाठी मी सहा महिने हिमाचलात होतो, ते उंचीवर मोडलं. ताई मला एवढंच म्हणाली, "मले विचारलं असतं, तं मी सांगतलं असतं ना का लपवू नोका." ती भांडली असती तर सोपं गेलं असतं.

ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं. एकही डोंगर मी पाहिलेला नाही, हेही. मग अक्षयचा फोन आला. शिव्या देऊन झाल्यावर म्हणाला, "बाभुयगाव काय दूर हाये का बे? डब्बा घेऊन आलो असतो. टीबी लागते का नाई लागते, ते मंग पाह्यलं असतं."

मैदानी चाचणीची तारीख सुदैवाने पुढे ढकलली गेली होती. आम्ही दोघं पुन्हा धावायला लागलो. फेब्रुवारीत मी वेळेच्या आत धावलो, शेवटून चौथा, पण आत. मॅडमकडे दर महिन्याला जात होतो. बाराच्या पुढचे तीन आकडे दिसायला लागले, मग पाच. मग ते पाचावरच थांबले.

अक्षय म्हणाला, "मोबाईलवर सगळी पानं हायेत. पाठ करून टाक." मी पाठ केली. वैद्यकीय तपासणीला डॉक्टरांनी पुस्तक मागच्या बाजूने उघडलं. मी पाठ केलेल्या क्रमाने आकडे म्हणत गेलो. तिसऱ्या पानावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटा, पाठ करून आलास का?"

"हो सर."

त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि शांतपणे सगळी पानं दाखवली. जी दिसली ती मी सांगितली, जी नाही दिसली तिथे "नाही दिसत" म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. "कळेल यादीत," म्हणाले. मी आभार मानून बाहेर आलो. त्या वेळी मला खरंच आभार मानावेसे वाटले, कारण कोणासमोर तरी माझ्या डोळ्यांबद्दल खरं बोलून झालं होतं.

ज्यांच्या घरात या गोळ्या सुरू आहेत, त्यांना सांगतो. गोळ्या घाबरून सोडू नका, त्यांनीच मी वाचलो. पण रोज सकाळी एकेक डोळा झाकून एखाद्या लाल वस्तूकडे पाहा. एका डोळ्याने फिकी वाटली, तर त्याच दिवशी सांगा. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना सांगा, चष्म्याच्या दुकानातही सांगा. तिथे शेजारी कोण बसलं आहे ते पाहू नका.

यादीची वाट पाहण्यात दीड महिना गेला. मी रोज फोनवर पाहायचो. ज्या दिवशी लागली त्या दिवशी नेमकी गावात रेंज नव्हती. दुपारी दारात मोटरसायकल थांबली. अक्षय वणीहून आला होता. आईने पाणी दिलं, ते त्याने उभ्यानेच प्यायलं. "काकू, यादी लागली," म्हणाला आणि खिशातून प्रिंट काढून माझ्या हातात दिली. बसला मात्र नाही.

त्याचं नाव निवड झालेल्यांत होतं. माझं दुसऱ्या पानावर होतं, आणि नावापुढे लिहिलं होतं: वैद्यकीयदृष्ट्या अपात्र, रंगदृष्टी सदोष.

आई विचारत होती, "काय लिवलं हाये?" मी तिला वाचून दाखवलं.