घंटांच्या कापडाचा तागा

भावाच्या पडद्यांच्या दुकानामागे शिवणाची खोली होती. तिला खिडकी होती, पण पुढे कापडाचे तागे रचलेले, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच. त्या खोलीत ताई एकवीस वर्षं मशीनवर बसली होती. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. दुकान त्याचं, मशीन त्याचं, आणि मान मोडून शिवणारी ताईही त्याचीच, असं त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच पडली नाही.

दरवर्षी सण सरला की लाल जमिनीवर सोनेरी घंटा छापलेलं कापड उरायचं. एरवी ते घेणार कोण? भाऊ गठ्ठा तिच्यापुढे टाकायचा. "ताई, काढ यातून काहीतरी. तुला सुचतं."

आणि सुचायचं हो, तिथेच तर घोडं पेंड खायचं. घंटा आत दुमडून नुसता लाल पट्टा बाहेर ठेवला की उशीचा अभ्रा बारा महिने चालतो. कापड उलटं केलं की फिकट गुलाबी दिसतं, त्याची बाळांची लाळेरी. मोठ्या घंटा कापून साध्या पिशव्यांवर टाचायच्या. चिंध्या उरल्याच तर दाराच्या फटीतून गार वारा येऊ नये म्हणून लांबट उशीत कोंबायच्या. सगळं हातोहात खपायचं, आणि पुढच्या वर्षी भाऊ बिनधास्त जास्त कापड उचलायचा.

यंदा मात्र ताईला बोलावणं आलं. शेजारच्या गावातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं, राहायला खोलीसुद्धा. एक तारखेला हजर व्हायचं होतं. बावन्नाव्या वर्षी आपल्याला कोणी आपणहून बोलावतं, याचा तिला इतका आनंद झाला की दोन दिवस तिने तो कोणाला दाखवलाच नाही. सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय? फक्त हे सणाचं कापड संपव आणि जा."

ताई पेटलीच. तीन आठवड्यांत तिने गठ्ठ्याचा फडशा पाडला. "अहो, जेवायला तरी उठा," असं म्हणून म्हणून भावजय थकली. शेवटी एक रजई तेवढी राहिली. वरची बाजू घंटेला घंटा जुळवून तयार होती, पण मागच्या अस्तराला दोन मीटर कापड कमी पडलं.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? साधं पांढरं कापड लावलं असतं आणि बॅग भरली असती. पण नाही. पुढून घंटा आणि मागून पांढरं, हे ताईच्या डोळ्यांना खुपलं. "हीच छपाई दोन मीटर आणून दे," ती भावाला म्हणाली. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

महिनाअखेरीला सकाळी भाऊ आला, तो खांद्यावर अख्खा तागा घेऊन.

"मी दोन मीटर म्हटलं होतं."

"सण सरल्यावर तो व्यापारी तागा फोडत नाही गं. घ्यायचा तर अख्खा घ्या म्हणाला. मी म्हटलं, द्या, आपली ताई आहे ना."

तो काही वाईट नव्हता. आपण बहिणीच्या हाताचं कौतुक केलं, असंच त्याला वाटत होतं. ताईला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने दोन मीटर कापून अस्तर लावलं आणि रजई पुरी केली. उरलेल्या ताग्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. "उद्या येताय ना?"

"थोडं काम उरलंय."

"किती?"

"अडतीस मीटर."

तिकडून बाई जपून म्हणाल्या, "दुसऱ्या एक जणी तयार आहेत. त्यांना विचारू का?"

ताईने खाली पाहिलं. तिच्या हातात खडू होता आणि तागा टेबलावर उलगडलेला. लाल कापडावर खुर्चीच्या गादीचे चार चौकोन आखून झाले होते. हे तिने कधी केलं, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"विचारा," ती म्हणाली आणि पाचवा चौकोन आखायला वाकली.