पडलेला उमेदवार

गुलालाची पुडी फुटली की मला आमच्या धाड गावातला लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या निकालाचा दिवस आठवतो. मी एका उमेदवारासाठी दारोदार फिरले होते, शेजारची मैत्रीण दुसऱ्यासाठी. माझा निवडून आला. ताशे वाजत होते, मी केसांपर्यंत गुलालानं माखून हार घेऊन बाजारात उभी होते. पण नवे खासदार उघड्या जीपमधून सगळ्यांना हात जोडत गेले, जीप काही थांबली नाही. हार तसाच घेऊन घरी आले, तर मैत्रिणीच्या ओट्यावर तिचा पडलेला उमेदवार एकटाच बसून बशीतून चहा पीत होता. तिच्या आईला सांगत होता, "माय, तुमच्या पोरीनं माह्यासाठी उन्हातान्हात लय पाय झिजवले. पडलो मी, पण सांगाले तं यावंच लागते." मैत्रीण डोळे पुसत मला म्हणाली, "ये नं वं, चहा घे. तुह्ये साहेब आले का?" "येतील," म्हणाले आणि घरात जाऊन आतून कडी लावली. जिंकून माझा इतका जळफळाट कधी झाला नव्हता. परवा त्याच मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात तो उमेदवार, आता पार थकलेला, पहिल्या पंगतीला होता. मी त्याला आग्रहानं दोनदा वरण वाढलं. "पुरे, माय," म्हणत त्यानं पानावर हात आडवा धरला. मला ओळखायचं त्याला काही कारणच नव्हतं.