अण्णांचं गरम-गार यंत्र

आमच्या गल्लीत अण्णांनी उघडून पाहिलं नाही असं एकही यंत्र नाही, आणि त्यांनी उघडल्यावर पूर्वीसारखं चाललं असंही एक नाही. आमचे हे शेजारी चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडला, पण हातांची खाज काही गेली नाही. माणसांशी ते मराठीत बोलतात, यंत्रांशी मात्र मातृभाषेत, तेलुगूत. आमच्या मिक्सरला त्यांनी "एमायरा?", म्हणजे "काय झालं रे?" असं इतक्या मायेनं विचारलं की तो बिचारा पुन्हा कधी बोललाच नाही.

सोलापुरात हवा गरम करायला यंत्र विकत घेणारेही बहुधा तेच एकटे. खरं तर एसी हवा होता त्यांच्या बायकोसाठी, आमच्या काकूंसाठी. गेल्या उन्हाळ्यात त्यांना भोवळ आली होती आणि डॉक्टरांनी दुपारभर गार खोलीत ठेवायला बजावलं होतं. पण दुकानदारानं "हाच उन्हाळ्यात गार करतो, थंडीत गरम" म्हटलं आणि अण्णा विरघळले. डिसेंबरात त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून, दारं लावून, घामाच्या धारा लागेपर्यंत चहा पाजला. एप्रिल लागला आणि यंत्राचं अवसान गळालं. सकाळी जेमतेम गार, दुपारी कोमट फुंकर. बेंगळुरूहून मुलीचा फोन आला, "आठ दिवसांत नीट नाही झालं तर आईला मी इकडं घेऊन येते." लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो हे अण्णांना अजून ठाऊक नाही. त्यांचा चेहरा पाहवेना.

मग दुरुस्ती सुरू झाली. जाळ्या तीनदा धुऊन झाल्या. ताप मोजायचा थर्मामीटर यंत्राच्या तोंडाशी धरून अण्णांनी "ताप नाही" असा निकाल दिला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक यंत्राला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून ते पाऊण तास डोळे मिटून उभे राहिले. "दम लागलाय त्याला," एवढंच म्हणाले. एसीवाला आला तर त्याला दारातूनच परत पाठवला. "आवाज न ऐकता पाना काढतोय, हा काय मेकॅनिक हाय?"

सातव्या दिवशी काकू कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. मीही अण्णांच्या मागोमाग चढलो. एसीचा बाहेरचा डबा तिथं होता, पण दिसत नव्हता. ऊन लागू नये म्हणून अण्णांनी मार्चमध्येच त्याला चारी बाजूंनी पत्रे ठोकले होते आणि वरून सोलापुरी चादर घातली होती.

"अहो, आपणच सोडलेली गरम हवा परत ओढतंय ते. श्वास कुठून घेणार? सोडा की जरा मोकळं!"

"ऊन लागंल की त्याला."

"मलाही पन्नास वर्षं असंच गुंडाळून ठेवलंय तुम्ही. मी निदान बोलते तरी. त्यानं कुणाला सांगायचं?"

अण्णांनी आधी चादर ओढून काढली. एकेक खिळा काढत त्यांनी पत्रे उतरवले. उन्हानं त्यांची पाठ भाजत होती, पण मला हात लावू दिला नाही. तासाभरात खोली अशी गार झाली की काकूंनी शाल मागितली. मुलीचं येणं रद्द झालं.

परवा सहज डोकावलो, तर अण्णा खुर्चीत नुसतेच बसले होते. काकू हळूच मला म्हणाल्या, "आठवडा झाला, काहीच बिघडत नाही हो. ह्यांना करमेना झालंय." आणि मग मोठ्यानं, "अहो, कसली तरी खरखर येतेय बघा!"

अण्णा लगबगीनं उठले. यंत्राखाली उभे राहून त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"कुठं खरखर? छान चाललंय की," ते म्हणाले. पण हात मात्र बराच वेळ तसाच होता.