पडद्यामागचा नाताळ

कामथडी आणि सारोळे यांच्या मधल्या एका वाडीत दरवर्षी नाताळला चित्रपट दाखवला जात असे. त्याचा पडदा उभा करण्याचे काम कोंडिबांकडे असे. वाडीत ख्रिस्ती घर एकही नव्हते. मिशनच्या दवाखान्याची गाडी आठवड्याला औषधे घेऊन येई, आणि नाताळच्या दिवशी तीच गाडी यंत्र, रिळे आणि लोखंडी कर्णा घेऊन येई. चित्रपट इंग्रजी असे. कंपाऊंडर कर्ण्यातून त्याची गोष्ट मराठीत सांगे.

कोंडिबा बौद्धवाड्यात राहत. धर्म बदलला त्या वर्षी त्यांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडले. त्यावरून गावाने त्यांच्याशी दीर्घकाळ अबोला धरला, तरी ते पुन्हा त्या कामाकडे वळले नाहीत. पडद्याचे काम मात्र त्यांनी राखले, कारण दवाखान्याच्या बाईंनी त्यांच्या पत्नीला, सगुणाबाईंना, अवघड बाळंतपणातून वाचवले होते. पहार हातात घेऊन खड्डा घेण्यात आणि बांबू न हलेसा ठोकण्यात त्यांचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता.

चावडीपुढच्या पटांगणात मधोमध तो पडदा उभा राही. गाडीच्या अंगाला गाव बसे. पडद्याच्या पाठीमागे बौद्धवाडा बसे. कापड पातळ असल्यामुळे चित्र पाठीमागेही उमटे. पडदा ज्यांनी बांधला तेच त्याच्या मागे जाऊन बसत, आणि दवाखान्याची गाडी आणणारा कंपाऊंडर याबद्दल म्हणे, "गावाची रीत आहे, मी काय बोलणार?"

एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या डिसेंबरात तो कंपाऊंडर चावडीवर येऊन म्हणाला, "नवीन रीळ आलेले नाही. जुन्या तीन चित्रपटांपैकी कोणता आणू ते सांगा."

"उंटाचाच आणा," आनंदराव म्हणाले. ते वाडीतले मोठे बागायतदार होते आणि चावडीवर पहिला शब्द त्यांचा असे. "ते तीन राजे, ती उंटांवरची झूल. ह्याला म्हणायचं पिच्चर."

"लाकूडतोड्याचा तेवढा नको," म्हातारे गेनबा म्हणाले. "सगळीकडं बर्फ आन पोराच्या अंगात सदरा न्हाई. सणाच्या दिवशी माणसानं रडत घरी जायाचं का?"

"आन टाकाऊ म्हणशीला तर शेळीचा," आनंदराव म्हणाले. "एक म्हातारी, एक शेळी. त्यापरीस गेनबाच्या गोठ्यात जाऊन बसतो की."

"या की. येताना खराटा घिऊन या."

लोक हसले. आनंदरावांची चुलती पारूबाई चावडीच्या खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मला शेळीचाच बघायचाय. तुमच्या उंटात माझं काय हाय?"

कोंडिबा चावडीच्या जोत्याखाली उभे होते. त्यांना राहवले नाही. "शेळीचाच सगळ्यात चांगला," ते म्हणाले. "ती म्हातारी डाव्या हातात कंदील धरती, मालकाच्या वाड्यात एकटी शिरती आन आपली शेळी सोडवून आणती. तसली बाई दुसऱ्या पिच्चरमधी न्हाई."

"डाव्या न्हवं, उजव्या हातात," आनंदराव म्हणाले. "कोंड्या, तू मागनं बघितलास. मागनं बघणाऱ्यानं पिच्चरची पारख करू नये."

सारी चावडी हसली. कंपाऊंडरही औषधांच्या पेटीत मान घालून हसला. अखेर पारूबाईच्या हट्टापुढे आनंदरावांचे चालले नाही आणि शेळीचा चित्रपट ठरला. परंतु ते ऐकायला कोंडिबा थांबले नव्हते.

घरी सगुणाबाई म्हणाल्या, "आपल्याला तर डावाच हात दिसला हुता."

"डावाच दिसला. सगळं जग आपल्याला उलटं दाखवायचं, आन वर म्हणायचं तुमाला दिसत न्हाई."

"मग यंदा जाऊ नगा."

"जाणार. पडदा बी म्याच लावणार." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे सगुणाबाईंना अधिक भीती वाटली.

नाताळच्या दुपारी कोंडिबांनी पटांगणाच्या मध्यभागी पहार लावलीच नाही. त्यांनी चावडीच्या भिंतीला अगदी लागून खड्डे घेतले, बांबू ठोकले आणि पडदा भिंतीवर ताणून बांधला. त्या पडद्याला पाठीमागची बाजूच उरली नाही.

दिवेलागणीला गाव जमू लागले. आनंदरावांनी एक नजर टाकली आणि त्यांच्या लक्षात आले. "तुमची माणसं कुठं बसायची?"

"हितंच. तुमच्या शेजारी."

"बांबू काढ. मधी पूर."

"म्या पुरायचे तिथं पुरले. तुमाला दुसरीकडं पायजे असतील तर पहार ती पडलीया."

पहार कोणी उचलली नाही. आनंदरावांनी कंपाऊंडरकडे पाहिले. कोंडिबांनीही पाहिले आणि म्हणाले, "आता बी म्हणा, गावाची रीत." कंपाऊंडर यंत्रात रीळ घालू लागला.

"चला रं घरी," आनंदराव गरजले. ते स्वतः निघून गेले आणि त्यांच्यामागे बरेच लोक उठले. पारूबाई घोंगडी अंथरून बसली होती. ती म्हणाली, "म्या न्हाई उठत. गुडघं धरल्यात. एकदा बसले ती बसले." तिच्यामुळे गेनबा बसले, आणि गेनबांमुळे आणखी काही. मात्र बौद्धवाड्याची माणसे येऊन बसताच त्या मंडळींनी आपापली घोंगडी थोडी पलीकडे ओढली. मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी राहिली. कोंडिबांनी ती पाहिली आणि ते तिच्या अगदी कडेला जाऊन बसले.

चित्रपट सुरू झाला. कर्ण्याचे तोंड नेहमी गाडीकडच्या लोकांकडे असे, त्यामुळे पडद्यामागे आजवर नुसता घोगरा आवाज पोहोचत असे. कोंडिबा या वर्षी प्रथमच गोष्ट ऐकत होते. कंपाऊंडर सांगत होता की म्हातारीच्या शेळीने मालकाचे कुरण खाल्ले, म्हणून त्याच्या गड्यांनी ती कोंडून ठेवली. नाताळच्या दिवशी म्हातारी वाड्यात जाऊन मालकाच्या पाया पडली. मालकाला दया आली. त्याने शेळी परत दिली, आणि अशा थोर मनाच्या माणसाला देवाने आशीर्वाद दिला.

पडद्यामागे बसलेल्या लोकांनी इतकी वर्षे त्याच चित्रांची वेगळी गोष्ट लावली होती. म्हातारी वाकलेली दिसे ती शेळीचे दावे सोडायला वाकली, असे ते समजत होते.

यंत्र थांबले. पारूबाईने पदराने डोळे पुसले. "कोंडिबा," तिने मोकळ्या जागेपलीकडून हाक मारली, "तू म्हणत हुतास ते खरं. हाच चांगला."

"न्हाई, पारूबाई. ह्याच्याइतका वाईट पिच्चर म्या बघितला न्हाई."

"आता रं काय झालं? त्यानं दिली की शेळी परत."

"तिचीच हुती. दिली कसली?"

"पर दया आली त्याला."

"दया त्याची, शेळी तिची, आन पाया बी तिनंच पडायचं. वर देव त्यालाच पावला." कोंडिबा उभे राहिले होते आणि त्यांचा आवाज साऱ्या पटांगणावर जात होता. "आमी मागनं बघितला तोच पिच्चर बरा हुता. त्यातली म्हातारी कुणाच्या पाया पडत न्हवती."

"मग बसायचं हुतंस मागंच," अंधारातून कोणीतरी म्हणाले.

कोंडिबांनी त्या दिशेला तोंड वळवले. "का बसू? मागं बसलो असतो तर ह्यो वाईट हाय हे कळलं असतं का मला?"

पारूबाई घोंगडी गोळा करता करता थांबली. "तसं बघाया गेलं तर," ती गेनबांना म्हणाली, "शेळी तिचीच हुती की वं."

गेनबा म्हणाले, "कुरण खाल्लं हुतं तिनं." त्यावर पारूबाई त्यांच्याशी भांडू लागली. कोंडिबांनी त्यांचे भांडण शेवटपर्यंत ऐकले नाही. ते भिंतीपाशी गेले आणि पडद्याच्या दोऱ्या सोडू लागले.