अशक्तपणानं गेली

स्लाइडबाई हळदीकुंकवाला आल्या तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडं कोण कशानं गेलं?" देवळाली कॅम्पातल्या आमच्या गल्लीत त्यांना हे नाव पडलं, कारण लॅबमध्ये काचपट्ट्या तपासण्यातच त्यांची सारी नोकरी सरली. शेजारीण कुजबुजायची, "आली बाई यमाची कारकून!" बाई ऐकायच्या आणि हसायच्या, "अहो, यमाच्या आधी पोचायचं म्हणून तर विचारते!"

कॅन्सर त्या आमच्या ओट्यावर मेथी निवडता निवडता सांगायच्या. "चांगली पेशी वाढते नि थांबते. हिला थांबणंच माहीत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार. जागा पुरेना की रक्तातून निघते आणि दुसऱ्याच अवयवात बिऱ्हाड थाटते." मी विचारलं, "आईचा लेकीला येतो?" "कधी कधी. आजार नाही येत हो, पेशीतली चूक येते. ठाऊक असलं तर लेकीला वेळेत तपासता येतं. तुमच्या आई कशानं गेल्या?"

"अशक्तपणानं," मी म्हणाले. आमच्यात बायका अशक्तपणानंच जायच्या! खरं तर आईच्या छातीत गाठ होती, मावशीच्याही. पण त्याच आठवड्यात ओझरच्या कारखान्यातला मुलगा माझ्या लेकीला बघून गेला होता. "नक्की?" बाईंनी विचारलं. मी चक्क गळ्याला हात लावून शपथ घेतली.

लग्न झालं, नात झाली. मग लेकीच्या हाताला छातीत गाठ लागली. "घरात कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं. "कुणालाच नाही," ती म्हणाली. दुधाची गाठ असेल म्हणत सहा महिने गेले, तोवर काखेत पसरलं होतं.

बाईंपुढे मी सगळं ओकले. म्हटलं, "तुम्हीच सांगा तिला." त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "नाही. ते तुम्हीच सांगायचं. तिलाही मुलगी आहे."

मी आज-उद्या करत राहिले. लेक बरी झाली, केसही आले. बाई मात्र गेल्या. त्यांच्या दहाव्याहून येताना रिक्षात एकदाचं मी लेकीला सांगितलं.

"ठाऊक आहे आई," ती बाहेर बघत म्हणाली. "रक्ताच्या तपासणीत ती चूक सापडली होती. कुणाकडून आली, बाईंना विचारलं. म्हणाल्या, आई सांगेल."

त्या तपासणीपासून दोन वर्षं ती मला रोज फोन करत होती. मी विचारायचे, जेवलीस का.