कुलूपताईंचा एकच प्रश्न

आमच्या ऑफिसात कुलूपताईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर. नवजात बाळांच्या वॉर्डासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो आणि त्यातला बाळाच्या वजनाचा क्लास, म्हणजे कोडचा तेवढा भाग, ताईंचा. आतलं झाडून सगळं प्रायव्हेट, बाहेरच्या कोडने हात लावायचा नाही! काही मागायला जावं, तर चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न, "कशाला हवंय?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. ताईंची मेथड, म्हणजे बाहेरच्यांसाठी ठेवलेली एकुलती खिडकी, वजन द्यायची तेही एका दशांशापर्यंतच, आणि मला दुधाचं प्रमाण काढायला नेमकं वजन हवं होतं. पण ती उलटतपासणी कोण देणार? मी सरळ रिफ्लेक्शन वापरलं. ही सोय प्रोग्रॅमिंगच्या भाषेनेच दिलेली आहे. फील्डचं, म्हणजे आतल्या कप्प्याचं, नाव सांगायचं, प्रायव्हेटची अट बाजूला सारायची, की आतली व्हॅल्यू हातात. चार ओळींत काम फत्ते, कुणाला कानोकान खबर नाही.

दोन वर्षांनी ताईंनी आतलं वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये ठेवायला घेतलं. बाहेर त्या पूर्वीसारखे किलोच देत होत्या. प्रायव्हेट फील्डमध्ये दुसरं कोण हात घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "तुमच्या स्क्रीनवर बाळ एकोणतीसशे किलोचं दिसतंय. बाळ आहे की ट्रक?" सोळा बाळांच्या दुधाचा हिशेब त्या आता कागदावर करत होत्या आणि मागे बाळांनी आकांत मांडला होता.

साहेब तडक ताईंच्या टेबलाशी. "कालचा बदल तुमचाच ना? झेपत नसेल तर हे काम दुसऱ्याकडे देतो."

अकरा वर्षं जिवापाड सांभाळलेलं काम. ताईंचा चेहरा पडला. "माझ्याकडे तर बरोबर येतंय हो," म्हणत त्या स्वतःचाच कोड पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या आणि मी शेजारी मूग गिळून बसले. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

"साहेब, चूक माझी आहे," मी शेवटी उठले. "ताईंच्या फील्डमध्ये मी परस्पर हात घातलाय. तिथले ग्रॅम माझा कोड किलो समजतोय."

साहेब मला काय काय बोलले ते जाऊ दे. ते गेल्यावर ताईंनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मी मान खाली घातली. चष्मा कपाळावर चढला.

"तुला कशाला हवं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी नेमकं वजन देणारी मेथड लिहून दिली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.